नेरुळमध्ये ब्लाऊज शिवायचं दुकान: इतक्या भाषांच्या शहरात गिऱ्हाईक कसं जमवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरुळ पश्चिमेला गाळा, तीन मशीन, दोन कारागीर, कटिंग मालकीणबाई स्वतः करतात. दुकान टाकून सात महिने झाले. जवळपास चार टेलर, सीवूड्स स्टेशनला मॉल, शिवाय मोबाइलवर मिळणारे तयार ब्लाऊज. इन्स्टाग्रामवर पैसे घातले, हजारो लोकांनी रील पाहिली, दुकानात कुणी आलं नाही. 5,000 पत्रकं छापली, त्यातली 3,000 अजून कपाटात आहेत. त्या विचारतात, "इथे मल्याळी, तमिळ, तेलुगू, गुजराती, बंगाली, पंजाबी, आगरी-कोळी, घाटावरचे, सगळेच राहतात. मी जाहिरात कुणासाठी करू आणि कुठल्या भाषेत?"

ताई, भाषेचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न तारखेचा.

काउंटरवर साडी ठेवल्यावर बाई पहिल्यांदा काय विचारते ते आठवडाभर लक्ष देऊन ऐका. बहुतेक जणी "किती घेणार?" याच्या आधी "कधी मिळेल?" असं विचारतात. ब्लाऊजच्या मागे जवळजवळ नेहमी एखादा दिवस असतो: लग्न, बारसं, गौरी, पूजा, गरबा, सोसायटीचं हळदीकुंकू. तो दिवस हुकला तर उत्तम शिवलेलं ब्लाऊजही तिच्या काही कामाचं नाही. तुम्ही विकता ती वस्तू "अमुक तारखेला, अंगावर बसणारं ब्लाऊज" ही आहे. नेरुळसारख्या ठिकाणी आठ-दहा समाजांची पंचांगं एकाच वेळी चालू असतात, आणि तुमच्या शेजारच्या चार दुकानांपैकी बहुतेकांना त्यातलं एकच नीट माहीत असतं. तुमची जागा तिथेच आहे.

आपल्याकडे आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, ती तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. मराठी टेलर हा काळ मंदीचा धरतो. पण मल्याळी पंचांगातला चिंगम महिना, म्हणजे साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ, केरळी हिंदूंत लग्नाचा खास मानतात, आणि ओणमही त्यातच येतो. तमिळ घरांत मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट हा आडि महिना लग्नाला वर्ज्य, तेव्हा तिथून लग्नाचं काम येणार नाही. पण श्रावणात वरलक्ष्मी व्रत असतं. तेलुगू, कन्नड आणि तमिळ बायका त्या शुक्रवारी रेशमी साडी नेसतात. पितृपक्षात आपल्या बायका नवं काही घ्यायला धजत नाहीत, त्याच पंधरवड्यात बंगाली घरांत दुर्गापूजेची खरेदी जोरात असते आणि गरब्याच्या चनिया-चोळीची घाईही. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास, उत्तर भारतीयांचा खरमास. तेव्हा हिंदू लग्नं थांबतात, पण ख्रिसमसचं आणि जानेवारीतल्या ख्रिश्चन लग्नांचं काम असतं. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते; 2026 मध्ये रमजान ईद गुढीपाडव्याच्याच आठवड्यात आली. आणि 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. लग्नं बंद, पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देताना लेकीलाही साडी घेतात, आणि त्या साडीवर ब्लाऊज लागतंच.

एका समाजाचा रिकामा महिना दुसऱ्याच्या हंगामाचा. इतक्या जातीपातींच्या, प्रांतांच्या शहरात धंदा करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे, आणि तो जाहिरातीवर एक रुपया न घालता मिळतो. अट एकच, तारखा आधी माहीत हव्यात.

म्हणून पहिलं काम कागदावरचं. मोठं भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि प्रत्येक सणाच्या तारखेपासून उलटं मोजत तीन खुणा करा. सणाच्या 7 दिवस आधी ब्लाऊज हातात, कारण बाही घट्ट झाली किंवा गळा उघडा पडला तर दुरुस्तीला वेळ हवा. 21 दिवस आधी ऑर्डर बंद. 40 दिवस आधी गिऱ्हाइकांना पहिला निरोप. 2026 चं उदाहरण घ्या. तिरुओणम 26 ऑगस्टला, म्हणजे निरोप 17 जुलैला, ऑर्डर 5 ऑगस्टला बंद, माल 19 ऑगस्टपर्यंत. गणेशचतुर्थी 14 सप्टेंबरला, तर निरोप 5 ऑगस्टला, ऑर्डर 24 ऑगस्टला बंद. बघा, ओणमची ऑर्डर ज्या दिवशी बंद होते त्याच दिवशी गौरी-गणपतीचा निरोप जातो. पुढे घटस्थापना 11 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर. कॅलेंडर असं भरलं की कोणत्या आठवड्यात कुणाशी बोलायचं ते आपोआप ठरतं.

आता दुसरा आकडा: तुमच्याकडून किती काम निघतं? अस्तराचं साधं ब्लाऊज एक चांगला कारागीर दिवसाला 4 ते 5 काढतो. प्रिन्सेस कट, कप, पाइपिंग, लटकन असलं की 2 ते 3. दोन कारागीर, सरासरी 4, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 208. त्यातून अल्टरेशन, फॉल-पिको, कारागिराची गावाकडची रजा असं 15 टक्के वजा करा, हातात साधारण 175 उरतात. हा आकडा माहीत नसताना केलेली जाहिरात धंदा बुडवते. हंगामात 250 कपडे घेतले, 60 बायकांना "उद्या या" सांगितलं, तर त्या 60 जणी आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहितील ते पुढची दोन वर्षं पुसता येत नाही. म्हणून सणागणिक जागा ठरवा: ओणमसाठी 40, गौरीसाठी 70, असं. भरल्या की दुकानात पाटी लावा, "गौरीच्या ऑर्डर बंद, तातडीच्या 5 जागा शिल्लक". पाटीवरचा आकडा खरा ठेवा. बाई दोनदा बघते, तिसऱ्यांदा वेळेत येते.

गिऱ्हाईक राहतं कुठे

"नवी मुंबईतील नामांकित" असं लिहू नका. ब्लाऊजसाठी माप द्यायला, ट्रायलला आणि न्यायला अशा तीन खेपा होतात, म्हणून बाई चालत किंवा दहा मिनिटांच्या रिक्षाच्या आत असलेलं दुकान बघते. नेरुळला रेल्वे लाइनीमुळे पूर्व-पश्चिम अशी दोन वेगळी गावं झाली आहेत. नकाशावर 800 मीटरवर दिसणारी पूर्वेची सोसायटी चालण्याच्या दृष्टीने वाशीइतकी लांब असू शकते. मेटावर (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर) जाहिरात देताना दुकानाभोवती 3 किलोमीटरचं वर्तुळ काढलं की त्यात पूर्वेचा मोठा भाग, स्टेशनातून जाणारे-येणारे आणि पाम बीच रोडवरून गाडीने निघून जाणारेही येतात, कारण जाहिरात तिथे राहणाऱ्यांनाच नाही, नुकत्याच तिथे दिसलेल्यांनाही जाते. त्यापेक्षा लाइनीपासून दूर, वस्तीच्या मधोमध दोन-तीन छोट्या पिन टाका आणि पूर्वेला एक पिन "वगळा" म्हणून लावा. "पोस्ट बूस्ट करा" हे बटण दाबून पैसे घालू नका. ठिकाण न तपासता ते दाबलं की रील इंदूर-सुरतपर्यंत पोचते. तुमचे हजारो व्ह्यू असेच आलेले असण्याची शक्यता फार आहे.

पत्त्यातली एक चूक नवी मुंबईत फार जण करतात. सिडकोने प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी, नेरुळसारख्या प्रत्येक भागात, सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून दिले. सेक्टर 10 वाशीत आहे, नेरुळला आहे, खारघरला आहे, ऐरोलीतही आहे. जाहिरातीत नुसतं "सेक्टर 10" लिहिलं तर निम्मे फोन "हे नक्की कुठे?" एवढंच विचारतात. नोडचं नाव आधी, पूर्व की पश्चिम ते लगेच, मग सेक्टर, मग रिक्षावाल्याला कळेल अशी खूण.

दुसरी गोष्ट, गावठाणं विसरू नका. सारसोळे, करावे, कुकशेत इथल्या आगरी-कोळी घरांतली लग्नं मोठी असतात. हळदीला घरातल्या, भावकीतल्या बायका एकसारख्या साड्या नेसतात, म्हणजे एका घरातून 15-20 ब्लाऊज एकदम येतात. हे काम इन्स्टाग्रामवरून येत नाही. आधी एका घराचं काम वेळेवर आणि मापात झालं पाहिजे. पुढचं घर तीच माणसं आणतात. अशा ऑर्डरला घरी जाऊन सगळ्यांची मापं एका संध्याकाळी घेण्याची तयारी ठेवा आणि नवरीच्या आईकडे मापांच्या यादीची एक प्रत द्या.

एकाच कामाची वेगवेगळी नावं

आता भाषा. रिंगवर ताणून सुईने करतात त्या मणी-जरीच्या कामाला तमिळ बाई आरी वर्क म्हणते, तेलुगू बाई त्यालाच मग्गम वर्क म्हणते. तुमच्या पाटीवर "हॅन्ड वर्क" आहे. दोघीही शोधताना आपला शब्द टाकतात आणि तुम्ही सापडत नाही. तसंच लहान मुलीचं रेशमी परकर-पोलकं तमिळमध्ये पट्टू पावाडै, मोठ्या मुलीच्या हाफ सारीला तेलुगूत लंगा-वोणी, केरळच्या सोनेरी काठाच्या पांढऱ्या साडीला कसवू किंवा सेट साडी, गरब्याला चनिया-चोळी, आपल्याकडे शिवलेली नऊवारी आणि खणाचं ब्लाऊज. हे शब्द गूगल प्रोफाइलच्या (गूगलवर दिसणाऱ्या दुकानाच्या पानाच्या) सेवांच्या यादीत एकेक करून घाला, आणि रोमन लिपीतही लिहा, कारण बहुतेक जण तसंच टाइप करतात. मात्र जे काम येत नाही त्याचा शब्द टाकू नका. कसवूचं ब्लाऊज शिवायचं तर काठ बाहीवर नेमका कुठे यायला हवा हे आधी एखाद्या मल्याळी गिऱ्हाइकाकडून समजून घ्या.

पूर्ण जाहिरात मल्याळम किंवा बंगालीत करायची असेल तर ती भाषा घरी बोलणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या आणि छापण्याआधी दुसऱ्याकडून वाचून घ्या. मोबाइलवर भाषांतर करून छापलेलं वाक्य त्या बाईला लगेच खटकतं आणि "यांना आमचं काही कळत नाही" असं तिचं मत होतं. एवढी सोय नसेल तर मराठी, हिंदी, इंग्रजी पुरे. त्यात त्यांचा एक शब्द बरोबर असला तरी काम होतं.

आडनावावरून समाज ओळखून वागू नका. नेरुळला तीस-चाळीस वर्षं राहिलेली मल्याळी बाई सोसायटीच्या हळदीकुंकवाला पैठणी नेसते, तिची सून पंजाबी असू शकते, आणि शेजारची मराठी मुलगी बंगाली घरात दिलेली असते. सरळ विचारा, "पुढचा कोणता कार्यक्रम आहे?" उत्तर येईल ते लिहून ठेवा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 20 लेबलं करता येतात. ती समाजाच्या नावाने न करता ओणम, गौरी, पूजा, गरबा, ईद, लग्न अशी प्रसंगाच्या नावाने करा. एकच बाई तीन लेबलांत येईल.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी 256 जणांची असते, आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप जातो. हे माहीत नसल्यामुळे कित्येक दुकानदार महिनोन्‌महिने निरोप पाठवतात आणि तो पोचतच नाही. उपाय साधा आहे. कपडा घेताना सांगा, "तयार झालं की यावरून निरोप येईल, नंबर सेव्ह करा," आणि तिच्यासमोरच तिच्या मोबाइलवर सेव्ह होऊ द्या. निरोप वर्षाला प्रत्येकीला सहा-सातपेक्षा जास्त नको. रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवली की लोक नंबर ब्लॉक करतात, आणि पुष्कळ जणांनी ब्लॉक केला की व्हॉट्सॲप तुमचं खातंच बंद करू शकतं. निरोप असा असावा: "ओणमच्या सेट साडीचं ब्लाऊज: ऑर्डर 5 ऑगस्टपर्यंत, मिळेल 19 ऑगस्टला. मागचं माप आमच्याकडे आहे, फक्त कापड पाठवा." शेवटचं वाक्य फार काम करतं, कारण त्याने तिची एक खेप वाचते.

गूगलवरचं दुकान

"ब्लाऊज टेलर निअर मी" असं शोधणारी बाई आज किंवा उद्या कपडा टाकणार असते. तिच्यापुढे येण्यासाठी पैसे लागत नाहीत, नीटपणा लागतो. गूगल तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या शब्दाशी तुमचं काम जुळतं का, अंतर किती, आणि दुकानाची ओळख किती. अंतर तुमच्या हातात नाही, बाकी दोन्ही आहेत. प्रोफाइलवर धंद्याचा प्रकार सांगणारा मुख्य वर्ग एक आणि जोडवर्ग नऊपर्यंत घेता येतात. मुख्य वर्ग शिवणकामाचा ठेवा, "कपड्यांचं दुकान" असा ठेवलात तर तयार कपडे शोधणारे फोन करतील. दुकानाच्या नावात "बेस्ट ब्लाऊज टेलर नेरुळ सीवूड्स" असं काही जोडू नका. पाटीवर जे नाव आहे तेच तिथे हवं, नाहीतर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते परत मिळवताना ऐन हंगाम निघून जातो. हल्ली विमानतळ सुरू झाल्यापासून नावात "एअरपोर्टजवळ" घालायची टूम आहे. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला त्याचा काही उपयोग नाही. पिन सोसायटीच्या गेटवर न ठेवता तुमच्या शटरवर ठेवा. सणाच्या दिवसांच्या बदललेल्या वेळा टाका. बंद दुकानाशी आलेली बाई परत येत नाही.

अभिप्राय मागायची वेळ ट्रायलनंतरची, आरशासमोर, ब्लाऊज अंगावर नीट बसल्यावर. आरशाच्या कडेला क्यूआर कोड चिकटवा. "पाच स्टार दिले तर पिको फुकट" असं करू नका. अभिप्रायाच्या बदल्यात काही देणं गूगलच्या नियमात बसत नाही, आणि शेजारच्या टेलरने तक्रार केली की अभिप्राय काढले जाऊ शकतात. "काय शिवलं तेही लिहा" एवढं सांगा. "कसवू साडीचं ब्लाऊज वेळेत मिळालं" अशी एक ओळ दहा "नाइस सर्व्हिस"पेक्षा उपयोगी, कारण पुढची मल्याळी बाई तीच ओळ वाचते. वाईट अभिप्रायाला दुसऱ्या दिवसाच्या आत, वाद न घालता उत्तर द्या: "मुंढा घट्ट झाला, चूक आमची. कपडा आणा, दोन दिवसांत सैल करून देतो." हे तिच्यापेक्षा इतर वाचणाऱ्यांसाठी असतं.

फोटोत काय दाखवायचं

सगळे पाठीचा गळा आणि लटकन दाखवतात. तुम्ही ब्लाऊज उलटं करून आतली बाजू दाखवा. टेबलावर सुलटं-उलटं शेजारी ठेवा, बाजूच्या शिवणीत सोडलेला दीड इंच दाब, म्हणजे राखलेलं जादा कापड, बोटाने उचलून दाखवा, कडा इंटरलॉक केलेल्या दिसू द्या, अस्तर आणि वरचं कापड मुंढ्यात एकत्र बसलेलं दिसू द्या. खाली लिहा: "पुढे सैल करता येईल इतका दाब. अस्तर भिजवून, वाळवून मग कापतो." शिवणकाम जाणणाऱ्या बाईला, मग ती कुठलीही भाषा बोलो, हा फोटो कळतो. न भिजवलेलं सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं रेशीम चुण्या पडून फुगतं, हे तिने कुठेतरी भोगलेलं असतं. तुम्ही ते टाळता हे दिसलं की दराची घासाघीस कमी होते.

फोटो सकाळी नऊ-दहाला दाराशी, उन्हात नाही पण उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली वाइन रंग लाल दिसतो आणि मोरपिशी निळा. गिऱ्हाइकाचा फोटो टाकायचा तर आधी विचारा, आणि चेहरा न घेता खांद्यापासून कंबरेपर्यंत घेतलात तर बहुतेक जणी हो म्हणतात.

समाजांच्या मंडळांत कसं शिरायचं

पाया पडून किंवा पत्रकं वाटून नाही. त्यांच्या अडचणीतून शिरायचं. ओणमचा दिवस एक असला तरी मल्याळी समाजमचे (त्यांच्या मंडळांचे) कार्यक्रम पुढच्या कित्येक रविवारी चालतात, आणि त्यात बायकांचा तिरुवातिरा नाच असतो: आठ-दहा जणी, एकसारखी सेट साडी, एकसारखं ब्लाऊज. हे काम घाईचं, मापं वेगवेगळी, आणि एकीचं जरी बिघडलं तरी सगळा गट विस्कटतो. गटाची मापं त्यांच्या तालमीच्या जागी जाऊन घ्या, एकाच ताग्यातलं कापड सगळ्यांना पुरेल असं आधी मोजून सांगा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सुई-दोरा-हूक घेऊन एक कारागीर तासभर तिथे बसवा. गरब्याचे गट, भोंडला, दुर्गापूजेतले सांस्कृतिक कार्यक्रम, सगळीकडे हीच गरज असते. वाशी स्टेशनजवळच्या केरळ हाउससारख्या ठिकाणी किंवा मोठ्या पूजेत स्टॉल महाग वाटला तर त्यांच्या स्मरणिकेतली पाव पानाची जाहिरात घ्या. ती घरात वर्षभर राहते.

सोसायटीत स्टॉल लावताना विकायला काही नेऊ नका, दुरुस्ती न्या. शनिवारी संध्याकाळी एक मशीन, "जुनं ब्लाऊज आणा, सैल-घट्ट करून देतो, हूक फुकट". बायका कपाटातली तीन-तीन ब्लाऊज घेऊन येतात. त्यांच्या अंगाचं माप, आधीच्या टेलरच्या चुका आणि पुढचा कार्यक्रम, तिन्ही तुम्हाला कळतात. कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या, आणि पावसाळ्यात पार्किंगच्या छताखालची जागा मागा.

इस्त्रीवाला, साडी पॉलिशवाला, मॅचिंग सेंटर, मेंदीवाल्या, पार्लर यांच्याशी ओळख ठेवा. कोणत्या मजल्यावर कोण रेशमी साड्या नेसतं हे इस्त्रीवाल्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दर गिऱ्हाइकामागे पैसे मात्र ठरवू नका. मग तो कुणालाही पाठवतो आणि पैशांवरून वाद होतात. तुम्ही त्याच्याकडे काम पाठवा, तो तुमच्याकडे पाठवेल.

पैसा कुठून वसूल होतो

पावतीपुस्तकात तारीख, माप आणि कापडाचा टाचलेला तुकडा यांच्या शेजारी एक रकाना वाढवा: "कुठून कळलं". एका अक्षरात लिहा, ग म्हणजे गूगल, प म्हणजे पाटी, स म्हणजे सोसायटी, इ म्हणजे इन्स्टाग्राम. मैत्रिणीकडून असेल तर मैत्रिणीचं नाव. महिनाअखेरीला मोजा. समजा इन्स्टाग्रामवर 3,000 रुपये गेले, वर 18 टक्के जीएसटीचे 540. 24 जणींनी निरोप पाठवला, 9 आल्या, 6 जणींनी कपडा टाकला. म्हणजे एक गिऱ्हाईक 590 रुपयांना पडलं. एका ब्लाऊजच्या नफ्यात ते बसणार नाही. त्या सहांपैकी वर्षात किती जणी परत आल्या तेही बघा. चार जणी तीनदा आल्या तर पैसे वसूल, एकही आली नाही तर जाहिरात बंद करा आणि आधी काम तपासा. मैत्रिणीचं नाव ज्या पावत्यांवर वारंवार येतं तिच्या पुढच्या ब्लाऊजला पिको-फॉलचे पैसे घेऊ नका आणि का घेत नाही तेही तिला सांगा.

जाहिरात वर्षभर थोडी थोडी चालवू नका. 40 दिवस आणि 21 दिवस या खुणांच्या मध्येच चालवा. जागा भरल्या की त्याच दिवशी थांबवा.

दरपत्रकावर "350 पासून" असं लिहू नका. "पासून" या शब्दावरून काउंटरवर जितके वाद होतात तितके बाकी कशावरून होत नाहीत. साधं, अस्तराचं, प्रिन्सेस कट, कप, पाइपिंग, लटकन, प्रत्येकाचा दर वेगळा आणि पूर्ण लिहा. ते दरपत्रक व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्येही तसंच ठेवा.

पाटीबद्दल: महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर देवनागरी मराठी नाव आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेलं हवं. 2022 च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. खाली इंग्रजी असू द्या, देवनागरी न वाचणारे पुष्कळ आहेत. विजेच्या खांबांवर, पुलाच्या कठड्यांवर फलक लावू नका. परवानगीशिवाय लावलेला फलक विद्रूपीकरणाच्या कायद्यात येतो, आणि त्यावर फोन नंबर तुमचाच असतो.

राहिली कपाटातली 3,000 पत्रकं. ती टाकू नका. पाठीमागची बाजू कोरी असेल तर रबरी शिक्का करून घ्या: "पुढचा कार्यक्रम ____, तारीख ____, कपडा ____ पर्यंत द्या." प्रत्येक तयार ब्लाऊजच्या पिशवीत एक घाला, रिकाम्या जागा पेनाने भरून. दोन्ही बाजू छापलेल्या असतील तर तेवढाच मजकूर छोट्या स्टिकरवर करून चिकटवा. पहिली शंभर येत्या गौरीच्या मालाबरोबर जाऊ द्या, आणि दिवाळीच्या ऑर्डर घेताना बघा, त्यातली किती परत काउंटरवर येतात.